अळणी देवाच्या दारी

मी माझ्या बायकोला कुंभकोणम् दाखवलं, असं आमच्या घरात सगळे समजतात. नातवंडांनाही मी तसंच सांगत आलो. खरं सांगायचं तर त्या दिवशी तिनं मला गाव दाखवलं, आणि मी दिवसभर एका सत्तरीच्या म्हाताऱ्यावर जळत तिच्या मागं मागं फिरलो.

मी तिथं गलाईच्या दुकानात होतो. गलाई म्हणजे सोनारांकडची मोड वितळवायची, त्यातलं तांबं-पितळ काढून टाकायचं आणि सोनं-चांदी शुद्ध करून परत द्यायची. आमच्या आटपाडीकडची पुष्कळ माणसं पोटासाठी या कामाला लांबलांबच्या गावी गेली. तेव्हा आमचा जिल्हा दक्षिण सातारा, आजचा सांगली. वडील गेले तशी दुसरीत माझी शाळा सुटली. दोन-तीन वर्षं लोकांची मेंढरं वळली आणि बाराव्या वर्षी आमच्याच गावच्या एका मालकांनी मला बरोबर नेलं. पहिले सहा महिने मी रडायचो, मालक भात वाढून समोर बसायचे. त्यांची आठवण निघाली की आजही माझे हात जोडले जातात.

त्या मालकांनीच पुढं म्हटलं, "मागची खोली मोकळी हाय. तुझी बायको यायची म्हणाली तर आण. माझी बायको हितं रुळली, तुझीबी रुळंल."

लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. त्या दोन वर्षांत मी तिच्याजवळ राहिलो ते तीन आठवडे. माझी आई म्हणाली होती, "परमुलूख हाय, आधी बघून येऊ दे." तिचे मामा रामेश्वरला निघाले होते. जाताना त्यांनी तिला कुंभकोणमला उतरवलं आणि आठ दिवसांनी परतताना येतो म्हणाले. करमलं तर राहायचं, नाही तर मामाबरोबर माघारी. ठरलं ते असं. सात दिवस मी भट्टीपुढून उठलोच नाही, कामच तसं होतं. आठव्या दिवशी मालकांनी मला सुट्टी दिली. "जा, दोघं फिरून या. गाव दाव तिला." दुसऱ्या दिवशी सकाळी मामा येणार होते.

आता गाव दाखवायचं म्हणजे ते मी तरी कुठं बघितलं होतं? नऊ वर्षांत दुकान, कावेरीचा घाट आणि आंघोळीला जवळचं तळं, यापलीकडं माझे पाय गेले नव्हते. सुट्टीचा दिवस आला की मी झोपायचो.

पण तिला वाटत होतं की मला सगळं ठाऊक आहे. त्याचं कारण पत्रं.

दुकानामागच्या गल्लीत एक म्हातारे राहत. वकिलाकडं कारकुनी करून निवृत्त झालेले. तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं तेव्हा दक्षिणेत आलेल्या घराण्यातले. तिकडं अशा माणसाला सरसकट राव म्हणतात, म्हणून आम्ही रावजी म्हणायचो. बाहेर तमिळ आणि उंबऱ्याच्या आत मराठी, असं त्यांच्या घरात दोन-अडीचशे वर्षं चाललेलं. पण ती मराठी ऐकून आम्ही गलाईवाले तोंड फिरवून हसायचो. "मजला", "तुजला", "कोठें", सगळं एखाद्या जुन्या कागदातून उठून आल्यासारखं, आणि वर तमिळ हेल. पहिल्या वर्षी मला ताप भरला तेव्हा याच माणसानं पेज करून आणली होती, आणि तमिळ बोलायलाही यांनीच शिकवलं. मला फक्त सही करता यायची, म्हणून बायकोला पत्र लिहायचं झालं की मी कार्ड आणि विड्याच्या पानांची जुडी घेऊन त्यांच्या ओट्यावर जायचो.

"काय लिहूं?" रावजी विचारायचे.

"लिवा, मी खुशाल हाय. पाऊस झाला का? म्हशीला उतार पडला का?"

"इतुकेंच? अरे, हें बायकोस पत्र कीं मामलेदारास अर्ज?"

"मग तुमीच लिवा काय ते."

ते लिहायचे. अगदी बारीक अक्षरात कार्ड काठोकाठ भरायचे आणि शेवटच्या ओळीत माझी म्हैस घालायचे. मग मला वाचून दाखवायचे. भट्टीपुढं बसून बसून डोळे जड झालेले असायचे. सावलीतला तो गार ओटा आणि रावजींचा तो हेल, यात मला पेंग यायची. "हं," मी म्हणायचो. "हं, बेस."

अशी बावीस पत्रं गेली.

ती आली आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, "तुमी लिवलं व्हतं तसंच हाय की ओ घाटावर! बायका पायऱ्यांवर हळद उगाळत्यात." मी "हां" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पुढचे सात दिवस "तुमी लिवलं व्हतं" आलं की माझं "हां" ठरलेलं. ती ज्याच्याशी बोलत होती तो मी नव्हतोच.

त्या दिवशी पहाटे उठून तिनं शिदोरी केली. दशम्या, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. मी तिथंच दाढी करत बसलो होतो. बघतो तर तिनं मिठाच्या भांड्याला हातच लावला नाही. कणकेत नाही, भाजीत नाही, चटणीतही नाही.

"मीठ…" मी म्हणता म्हणता थांबलो.

ती हसली. "आजचं काय ते तुमास्नी ठावंच हाय."

"हां," मी म्हणालो. तोंडातून सवयीनं गेलं.

मला वाटलं विसरली. परमुलखात, परक्या चुलीवर विसरतं माणूस. बोलून दाखवलं तर ओशाळेल, आणि उद्या मामा यायचे आहेत. ती पाणी आणायला गेली तसं मी चिमटीनं जाडं मीठ घेतलं, कागदाच्या तुकड्यात पुडी बांधली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. जेवताना काढायची आणि म्हणायचं, माझ्याकडं हाय. एवढं डोक्यात.

निघालो तर रावजी ओट्यावर पान लावत बसलेले. इतके दिवस मी तिला त्यांच्यासमोर येऊ दिलं नव्हतं. आज दुसरी वाट नव्हती. तिनं वाकून नमस्कार केला.

"ये बाळे. वाट कशी झाली? येथें करमतें का तुजला?"

तिनं मान वर केली. एखादं दूरचं माणूस बाजारात अचानक भेटावं तसं ती त्यांच्याकडं बघत राहिली.

"करमतंय की. समदं वळखीचंच वाटतंय."

"तें बरेंच," रावजी हसले. तोंडात चारच दात. "अप्पम खायच्या आधीं देवळें पाहून घ्या. आणि दुपारीं? तिरुनागेश्वरास?" तिनं मान हलवली. "मग मीही येतों. थांबा, अंगवस्त्र घेऊन येतों."

"अप्पम म्हंजी?" तिनं विचारलं.

"न्याहारीस खातात, तांदळाचें. तूं खाल्लें नाहींस? या पोरानें तुजला अप्पमही खाऊं घातलें नाहीं?"

दोघं हसली. आठ दिवसांत ती माझ्याबरोबर अशी हसली नव्हती. माझं टाळकंच फिरलं.

"नगं रावजी," मी म्हणालो. "ऊन हाय. तुमचे गुडघे दुखत्यात."

"गुडघे काय, बसूनही दुखतातच."

"बस भरती लवकर. चल गं." आणि मी चालायला लागलो. मागून रावजी काहीतरी ओरडले. एकदा, मग परत एकदा. ती थांबली, मी तिचा हात धरून ओढलं. रस्त्यात बायकोचा हात धरण्याचा काळ नव्हता तो. तीच दचकली.

पहिल्यांदा महामहम् तळ्यावर गेलो. मी त्यात शेकडो वेळा आंघोळ केली होती. ती काठावर उभी राहून बोटानं मोजायला लागली.

"काय मोजतीस?"

"मंडप. तुमी लिवलं व्हतं सोळा हायेत." मोजून झालं. "हायेत की सोळा!"

नऊ वर्षं मी त्या मंडपांच्या सावलीत कपडे वाळत घातले होते. कधी मोजले नव्हते.

सारंगपाणीच्या देवळात तर हद्द झाली. तिथला गाभारा दगडी रथासारखा आहे. दोन्ही अंगांना घोडे आणि हत्ती, खाली चाकं. मला हे आत गेल्यावर कळलं, तिला तीनशे कोसांवरून ठाऊक होतं. तिनं चाकाला हात लावला, घोड्याच्या मानेला लावला, मग डोळे मिटून क्षणभर उभी राहिली.

"काय झालं?"

"तुमी लिवलं व्हतं न्हाई का, घोड्यांची नजर अशी पुढं हाय की आपण हात लावायच्या आत देऊळ सुटंल. म्हणून आधी हात लावून घेतला."

"हां."

"आन् हितंच कुठं तळघर आसंल. देव बायकोला चुकवून लपला त्ये."

तळघरही निघालं. पायऱ्या उतरून ती आत डोकावली आणि वर येऊन मला हळूच म्हणाली, "देवालाबी बायकूचं भ्या." मी हसलो नाही. मी मनात हिशेब मांडत होतो की रावजींनी हे कधी लिहिलं असेल. आषाढात? दिवाळीला? मी समोर बसून पेंगत होतो आणि हा म्हातारा माझ्या बायकोला हसवत होता, माझ्या देखत, माझ्याच कार्डावर.

तुम्ही म्हणाल, तोंडात चार दात असलेल्या माणसाचा काय हेवा करायचा? तरणाबांड कुणी असता तर मी भांडलो असतो. यांच्याशी कशावरून भांडू? पेज पाजलेल्या माणसाशी? ती आली तीच मुळी त्यांच्या पत्रांनी आली. माझ्या म्हशीच्या ओळीवर कोण तीनशे कोस आलं असतं? उपकार होते, आणि ते उपकारच मला सलत होते.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. दोन्ही बाजूंनी केळीच्या आणि पानवेलींच्या बागा. ती गप्प होती, पण चेहऱ्यावर सणासारखं काहीतरी. मी गप्प होतो ते वेगळ्या कारणानं. आता पुढं काय निघतंय याची धास्ती.

तिरुनागेश्वरमला उतरून आम्ही विष्णूच्या देवळाशी गेलो. मोठं गोपूर, दारात फुलवाल्या. आतल्या मंडपात बरीच माणसं होती. पुढच्या पुरुषांनी सदरे काढून कमरेला गुंडाळलेले. त्यांचं बघून मीही सदरा काढला, झटकला.

पुडी खाली पडली आणि फुटली. काळ्या दगडावर पांढरं मीठ पसरलं.

आधी कुणाला कळलं नाही. मग शेजारचे एक गृहस्थ वाकले, बघितलं, आणि एकदम ओरडले, "उप्पु! उप्पु!" उप्पु म्हणजे मीठ, एवढं तमिळ मला येत होतंच. माणसं बाजूला सरकली. एक बाई तोंडाला पदर लावून माझ्याकडं बघत होती, मी साप सोडला असावा तशी. ते गृहस्थ तमिळमध्ये म्हणाले, "या देवळात मिठाचा पदार्थ आणत नाहीत, हे ठाऊक नाही? देव अळणी खातो, आणि तू नुसतं मीठच घेऊन आलास? बाहेर जा आधी!"

मला भट्टीपुढंसुद्धा कधी इतकं तापलं नव्हतं. उघड्या अंगानं मी तसाच उभा. बायकोकडं बघवेना.

ती खाली बसली. तिनं दोन्ही हातांनी मीठ गोळा केलं, फटीतले खडेसुद्धा नखानं काढले, कागदात बांधून पुडी माझ्या हातात दिली. "हे घिऊन भायेर बसा," म्हणाली. "मी येते."

मी बाहेर चिंचेखाली जाऊन बसलो. मांडीवर दशम्यांचं गाठोडं, मुठीत मीठ.

ती लवकर आली नाही. मला आत दिसत नव्हतं, नुसता घंटेचा आवाज येत होता. ती देवाला काय विचारत असेल, हे मला दिसत होतं. जाऊ का राहू? आणि तो देवही रावजींच्याच ओळखीचा. उद्या या वेळी ती गाडीत असेल आणि मी मुशीत चांदी ओतत असेन, असं डोळ्यांपुढं यायला लागलं.

दार बंद व्हायच्या वेळेला ती बाहेर आली. हातात केळीच्या पानावर दहीभात. माझ्यापासून दोन हात अंतर ठेवून बसली.

"ह्यो देव एका ऋषीच्या पोरीला मागणी घालाया आला," ती माझ्याकडं न बघता सांगायला लागली. "बाप म्हणला, पोर ल्हान हाय, जेवणात मीठ किती घालायचं तेबी तिला कळत न्हाई. देव म्हणला, मग मी मिठाबिगर जेवीन. तवापासनं देव अळणी खातो. रावजींनी लिवलं व्हतं."

रावजींनी. आठ दिवसांत पहिल्यांदा "तुमी" गेलं आणि "रावजी" आलं.

"तुला… तुला कुणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? तुमची बोटं बघितली न्हाईत व्हय मी?"

मी मुठी मिटल्या. चांदी तेजाबात विरघळली की ते पाणी बोटांना लागतं. लागतं तेव्हा काही दिसत नाही, उजेडात गेलं की काळं पडतं आणि पंधरा-पंधरा दिवस जात नाही. गलाईवाल्याची बोटं कायम जळकी.

"दर कारडाच्या कडंला एक अंगठा असायचा," ती म्हणाली. "कारड यायचं तवा फिका. महिन्याभरानं काळाकुट्ट. आन् मधलं अक्षर कसं धुतल्यावानी. ह्या बोटांनी लिवलं असतं तर समदं कारड काळं न्हाई झालं? मला पयल्याच कारडाला कळलं. लिवणारा येगळा, टाकणारा येगळा. आन् आज ते म्हातारं बोललं तवा लिवणारा कोण तेबी कळलं."

"मग तू 'तुमी लिवलं, तुमी लिवलं' कशाला…"

"तुमी कवा बोलताय ते बघत व्हते."

मी पुडी या हातातून त्या हातात घेतली.

"लिवता येत न्हाई त्येचं मला काय न्हाई," ती म्हणाली. "माझ्या बापालाबी येत न्हाई. मला वाटायचं, तुमी सांगत आसाल आन् कुणी भला माणूस लिवून देत आसंल. पर तुमास्नी तर ह्यो देवच ठावं न्हाई. म्हातारं वाचून दावत न्हवतं का?"

"दावायचे."

"मग?"

"मी झोपायचो."

ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. त्या गप्प बसण्यानं माझ्या तोंडून दिवसभराचं सगळं एकदम बाहेर पडलं. "तुला तेच आवडत्यात. सकाळी कशी हसत व्हतीस. त्यांचं गाव बघाया आलीस तू, माझ्याकडं न्हाईच आलीस."

"आवडत्यात की," ती शांतपणानं म्हणाली. "खोटं कशाला बोलू? तसं माझ्यासंगट जन्मात कुणी बोललं न्हवतं. मी पत्रं वाचायची आन् समदी आळी ऐकाया जमायची." मग माझ्या मुठीकडं बघून, "पुडी कशापायी आणली व्हती?"

"मला वाटलं तू इसरलीस. जेवताना तुला वंगाळ वाटलं असतं. म्हणून गुपचूप."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. मग दहीभाताचा घास करून माझ्या हातावर ठेवला. "खावा. आन् सांगा कसं लागतंय."

काहीतरी बरोबर उत्तर असणार, हे मला कळत होतं. रावजींना ते ठाऊक असणार. मला ठाऊक नव्हतं. मी घास चघळला.

"अळणी," मी म्हणालो. "लई अळणी हाय."

तिनं एक घास खाल्ला. आणि हसायला लागली. पदर तोंडात कोंबून, खांदे हलेपर्यंत हसली. "व्हय की! पत्रात लिवलं व्हतं, एक घास खाल्ला की माणसाला मिठाची आठवणबी व्हत न्हाई. मी आत दोनदा खाल्लं. म्हटलं माझंच काय चुकतंय का काय!"

तिनं गाठोडं सोडलं, दशमीवर चटणी घेतली आणि माझ्या मुठीतली पुडी काढून घेतली. "आता देवळाच्या भायेर हाय न्हवं आपण?" पहिली चिमूट तिनं माझ्या दशमीवर घातली. दाताखाली देवळातल्या दगडाची कचकच लागत होती. तसं जेवण मी पुन्हा जेवलो नाही.

बसची वाट न बघता आम्ही चालतच निघालो. दोन कोसांची वाट, कडेला कालव्याचं पाणी. थोडं गेल्यावर ती म्हणाली, "सकाळधरनं मी एकटीच बोलतीया. आता तुमी बोला. ह्या गावात तुमी काय बघितलं?"

"मी काय बघणार? भट्टी."

"मग भट्टीच सांगा."

आता भट्टीत सांगण्यासारखं काय असतं? तरी मी सुरू केलं. चांदीत शिसं घालून ती तापवतात. शिसं चांदीतली घाण ओढून घेतं आणि जळून जातं. वर एक मळकट साय धरते. ती साय फिरत असते, तिच्यावर रंग उठतात, मोराच्या पिसासारखे, आणि माणसानं तेव्हा नजर हलवायची नाही. कारण एका क्षणी ती साय फाटते आणि खालची चांदी एकदम लखकन् उघडते. डोळा मिटून उघडेपर्यंत होतं सगळं. ज्यानं तेवढ्यात मान वळवली त्याचं हुकलं. नऊ वर्षं झाली, मी एकदाही मान वळवली नाही.

हे सांगताना मी हातवारे करत होतो, हे मला ती बघत होती त्यावरून कळलं.

"हे का न्हाई लिवलं कवा?"

"हे काय लिवायचं?"

"मोराचं पीस म्हणला की आत्ता." पुढं ती म्हणाली, "म्हशीचं मातूर तुमीच सांगत व्हता न्हवं? ती वळ कशी येगळीच दिसायची. शेवटाला आपली म्हस उभी." आणि परत हसली.

गल्लीत आलो तेव्हा ऊन अजून होतं. मी सरळ खोलीकडं वळलो, ती ओट्याशी थांबली. तिनं रावजींना मिठाची सगळी हकीकत सांगितली, मी उघडा कसा उभा होतो त्याची नक्कल करून.

"अरे, मी ओरडलों तें तेंच कीं!" रावजींनी कपाळावर हात मारला. "मीठ नेऊं नका, मीठ नेऊं नका! तुम्हां पोरांस कान आहेत कीं नाहींत?"

मी मान खाली घातली. तिनं राखून आणलेला प्रसाद त्यांच्यापुढं धरला. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, पण खाल्ला नाही.

"तीस वर्षें झालीं," ते म्हणाले. "ही होती तों दर वर्षीं जात होतों. मग एकटें जाववलें नाहीं. आज म्हटलें, तुम्हांबरोबर जावें."

मला हे कधीच माहीत नव्हतं. नऊ वर्षं त्यांच्या ओट्यावर बसत होतो, पण त्यांची बायको कोण, कधी गेली, मी विचारलं नव्हतं. आणि सकाळी मी त्यांना गुडघे सांगितले. मला फार वाईट वाटलं. पण लिहितोच आहे तर खरं लिहावं. ती त्यांच्याजवळ खाली टेकली आणि "खावा की, रावजी," म्हणाली, तेव्हा त्या वाईट वाटण्याच्या आत तो सकाळचा काटा जागेवरच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आले. डोकं भादरलेलं, हातात रामेश्वरच्या तीर्थाची लोटी. मालकांकडं चहा झाला. तिची पेटी दारात भरलेली होती. ती कधी भरली, आदल्या दिवशी फिरायला जायच्या आधी की नंतर, हे मी तिला आजतागायत विचारलेलं नाही. मामांनी पेटीच्या कडीला हात घातला आणि उचलली.

"काय गं, निघायचं न्हवं?"

ती खांबाला धरून उभी. मी दोन पावलांवर.

"मामा, ह्यांच्या भट्टीवरची चांदी बघायची ऱ्हायलीया अजून," ती म्हणाली.

"मग बघ की. गाडीला येळ हाय."

"ती लगीच न्हाई दिसत. लई येळ नजर लावून बसावं लागतं."

मामांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि पेटी खाली ठेवली. "आईला काय सांगू तुझ्या?"

"सांगा, पत्र टाकते."

ती राहिली. पुढच्या वर्षी बाळंतपणाला माहेरी गेली तोवर मी रावजींकडूनच अक्षर गिरवून घेतलं होतं. शिकायची हौस नव्हती मला. माझ्या बायकोला पुन्हा त्यांनी पत्र लिहू नये, एवढ्यासाठी. त्यांनी ते ओळखलं असावं. माझं एक अक्षर चांगलं आलं की ते म्हणायचे, "सरी, सरी, ठीक आहे. आतां माझी नोकरी गेली." ते गेले तेव्हा मी ढसढसा रडलो. माझ्याहून जास्त ती रडली, हेही माझ्या लक्षात राहिलं.

मी लिहिलेलं पहिलं कार्ड तिच्या पेटीत आहे. त्यावर सात ओळी आहेत आणि बाकी सगळी बोटं, इतकी काळी की मजकूर मलाच आता लागत नाही. त्याखाली रावजींची बावीस, दोऱ्यानं बांधलेली. ती नसताना मी कधी कधी दोरा सोडतो आणि वाचतो. सोळा मंडप, घोड्यांची नजर, अळणी देव. मला ती अजून सोसत नाहीत. फार चांगली लिहिली आहेत.